गाडीच्या पोटातला गंज: आधी पाणी शोधा, मग पत्रा कापा

जुन्या स्पोर्ट्स कारखाली शिरून वर पाहिलं आणि गंजाचे पोपडे दिसले, की पहिला मोह होतो तो काळ्या अंडरकोटिंगचा डबा आणून सगळीकडे फासायचा. तेवढा आवरा. गंजावर डांबरी थर चढवला की गंज थांबत नाही, दिसेनासा होतो. पुढे तो थर वाळून तडकतो, तड्यातून पाणी आत शिरतं आणि थराआड ओलंच राहतं. गंजाला आणखी काय हवं? जुनी गाडी विकायला काढलेली असेल आणि तिचं पोट नुकतंच काळंभोर रंगवलेलं असेल, तर मी ती जास्त संशयाने बघते.

माझी गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, त्यामुळे उदाहरणं तिचीच देते. १९८९ साली बाजारात आलेली ही दोन सीटची, उघडणाऱ्या छताची गाडी. सुरुवातीची १६०० सीसीची गाडी वजनाला हजार किलोच्या आत. इंजिन दणकट, गिअरबॉक्स दणकट, पत्रा मात्र नाजूक प्रकृतीचा. तुमची गाडी दुसरी असली तर भागांची जागा बदलेल, पाण्याच्या खोडी याच.

एमएक्स-५ कुजते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: दाराखालच्या सिलच्या (दाराच्या उंबरठ्याखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पट्टीच्या) मागच्या टोकाला, मागच्या चाकाच्या अगदी पुढे. कारण छतात आहे. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या पन्हाळीत जमतं, तिथून दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून उतरतं आणि मागच्या चाकापुढे गाडीखाली पडतं. या नळ्यांत पाला आणि धूळ बसली की पाणी तुंबतं आणि वाट फुटेल तिकडे, म्हणजे गालिच्याखाली आणि सिलच्या आसपासच्या पोकळ्यांत जातं. सिल म्हणजे एकसंध पत्रा नव्हे. बाहेरचा दिसणारा पत्रा, मध्ये मजबुतीचा पत्रा आणि आतला पत्रा, असे तीन पदर आहेत. त्यांच्या फटीत ओली माती साठली की ती महिनोन् महिने वाळत नाही. म्हणून बाहेरच्या रंगाला फोड दिसतो तेव्हा आत बराच कारभार उरकलेला असतो.

हे तपासायला हत्यार लागत नाही. छत उघडा, बाटलीभर पाणी सावकाश एका कोपऱ्यातल्या भोकात ओता आणि खाली वाकून बघा. पाणी लगेच धारेने पडलं तर ठीक. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर नळी तुंबली आहे. नायलॉनची मऊ, जाडसर दोरी फिरवत फिरवत आत सारून ती मोकळी करा. तार खुपसू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. नळी सांध्यातून निसटली तर बाहेरून कळत नाही आणि सगळं पाणी थेट पोकळीत जातं. दुसरी बाजूही बघा. सिलच्या तळाची निचऱ्याची भोकंही मोकळी करा. आधीच्या कुणी अंडरकोटिंग मारताना ती बुजवलेली असतात, हे मी किती गाड्यांत पाहिलंय!

गाडी उचलताना जॅक पुढच्या क्रॉसमेंबरला (पुढच्या चाकांमधल्या आडव्या दांड्याला) आणि मागे डिफरन्शियलखाली (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीखाली) लावतात. कुजलेल्या सिलला नाही, तो दबून आत जातो. स्टँडही सिल धड नसेल तर सबफ्रेमखाली, म्हणजे सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीखाली, घट्ट जमिनीवर. चारही स्टँड लागले की खाली शिरण्याआधी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. डुगडुगायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना डुगडुगू दे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

आता ठोकाठोक. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरा आणि मुठीने सिल पुढून मागे वितीवितीवर ठोकत जा. धड पत्र्याचा आवाज टणक येतो. मागच्या टोकाकडे तो बसका झाला, आतून माती खुळखुळली, की तिथे खडूने खूण करा. मग टोक लावून दाबा. टोक रुतलं तर पत्रा गेलाच म्हणून समजा. रुतलं नाही पण खरखरीत खड्डे लागले तर वाचण्याजोगा आहे. हीच तपासणी फ्लोअरच्या कडा, जॅक लावायच्या पट्ट्या, सस्पेन्शनचे सांधे आणि ब्रेकच्या नळ्यांची करा. दुसऱ्या पिढीची, म्हणजे १९९८ ते २००५ मधली गाडी असेल तर पुढच्या चासीच्या दोन पेटीवजा दांड्या आधी बघा. त्या आतून कुजतात आणि बाहेरून बराच काळ शहाण्यासारख्या दिसतात.

जुना थर काढायला हीट गन आणि पातळ खरवडणी पुरते. धूर येईपर्यंत तापवू नका, मऊ पडला की सोलून निघतो. कंपनीचा मूळ थर जिथे घट्ट चिकटून आहे तिथे त्याच्या वाटेला जाऊ नका. कडा उचलली गेली असेल तेवढाच भाग काढा. फार जुन्या गाड्यांच्या अंडरकोटिंगमध्ये ॲस्बेस्टॉसही असायचा, तेव्हा तसा संशय असेल तर ग्राइंडर लावून धूळ उडवू नका. गॉगल आणि मास्क तर कायमच. खाली झोपून काम करताना सगळा कचरा सरळ डोळ्यांत येतो, आणि ग्राइंडरवरच्या वायर ब्रशच्या तारा सुटून चामडीत घुसतात.

या वायर ब्रशची एक फसवणूक आहे. त्याने घासलेला गंज काळपट चकचकीत होतो आणि पत्रा साफ झाल्यासारखा वाटतो. तो पत्रा नसतो, घोटलेला गंज असतो. स्पंजासारख्या जाळीची स्ट्रिप डिस्क वापरा, तिने खरा पांढुरका पत्रा उघडा पडतो. खड्ड्यांच्या तळाशी उरलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर लावा. तो उरलेल्या गंजाचं लोह फॉस्फेट करतो. पण जिथवर पोचतो तिथवरच त्याचं राज्य. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ओतला तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खाली सगळं जैसे थे. पापुद्रे आधी निघायलाच हवेत. धुवायचं की नाही, किती वेळ ठेवायचं, हे डब्यावर लिहिल्याप्रमाणे.

ब्रेकच्या नळ्यांना मात्र ब्रश लावायचा नाही. लोखंडी नळीला खड्डे पडले असतील तर ती बदलायची, घासून रंगवायची नाही. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी गंजत नाही आणि हाताने वळवता येते. नळीची टोकं फ्लेअर करायचा (फुलवून पसरट करायचा) सराव नसेल तर हे काम ब्रेकवाल्याकडून करून घ्या.

वेल्डिंग येत नसेल तर तेही करवून घ्या. खोलणं-जोडणं आणि साफसफाई घरी केली तरी निम्मं काम होतं. येत असेल तर आधी आगीचा विचार. बॅटरी सोडा. सीट, गालिचे आणि आवाज अडवणारे मॅट काढा. पेट्रोलची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते बघा. ठिणगी तिकडे जाण्याची शक्यता असेल तर त्या काढल्याशिवाय सुरुवात नको. आतल्या बाजूला अग्निशामक घेऊन एक माणूस उभा हवा, कारण आग लागते ती तुम्हाला न दिसणाऱ्या बाजूला. काम संपल्यावरही तासभर गाडी सोडून जाऊ नका.

दुसरी गोष्ट खास उघड्या गाड्यांची. यांना डोक्यावर छताचा आधार नाही, सगळी ताकद सिलमध्ये. दोन्ही सिल एकदम कापले तर गाडी मधून वाकते आणि मग दारं लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू घ्या. दाराच्या चौकटीत आडवी नळी तात्पुरती वेल्डिंगचे टाके मारून जोडा आणि कापण्याआधी दाराची फट वर-खाली मोजून लिहून ठेवा. वजन चाकांजवळ तोललेलं असावं. टाके पडत जातील तशी फट पुन्हा मोजा.

कापताना हात आखडू नका. चमकदार, धड पत्रा लागेपर्यंत कापा. आत बघा. मधला पदर कुजलेला ठेवून बाहेरून नवा सिल चढवणं ही निव्वळ रंगसफेदी आहे. आतला आधी, मग मधला, शेवटी बाहेरचा. नवा पत्रा मूळ जाडीपेक्षा पातळ नको, आणि जिथे दोन पत्रे एकावर एक येणार तिथे झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे ज्यावरून वेल्डिंग करता येतं तो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा असेल तर टाक्याच्या जागेवरचा मुलामा घासून काढा. जस्ताच्या धुराने ताप भरतो.

कंपनीने जिथे स्पॉट वेल्ड (दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडणारे टाके) केलेत तिथे आपण प्लग वेल्ड करतो, म्हणजे वरच्या पत्र्यातल्या भोकातून टाका भरतो. वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडा आणि दोन्ही पत्रे क्लॅम्पने गच्च दाबा. मध्ये फट राहिली तर टाका धरत नाही. मिग वेल्डिंग मशीनची तार भोकाच्या मध्यावर, खालच्या पत्र्यावर रोखा, तिथे वितळलेला थेंब तयार होऊ द्या आणि मग गोल फिरवत कडेला या. मागून बघता आलं तर निळसर वर्तुळ उमटलेलं दिसतं. ते दिसलं म्हणजे खालचा पत्रा धरला. वरून गुबगुबीत आणि मागून कोरा असेल तर घासून पुन्हा करा. सरळ सांध्याला लांबलचक रेघ ओढू नका, पत्रा पापडासारखा वाकडा होतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, आधीचा निवला की मधल्या जागेत तिसरा. ०.६ मिलिमीटरची तार पातळ पत्र्याला सोयीची पडते.

रंगाचं थोडक्यात. ग्रीस साफ, पत्रा खडखडीत कोरडा, मग दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर. त्यावर सांध्यांच्या फटी बुजवणारा सीम सीलर, मग खडे झेलणारा स्टोनचिप थर, मग रंग. लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, इथे नको, ती पाणी शोषते. आयसोसायनेट हार्डनरचा रंग असेल तर साध्या मास्कवर फवारणी करू नका, ब्रशने लावा. खाली कोण बघणार आहे? रंग मी फिकट करडा निवडते. पुढे कुठे तपकिरी ओघळ आला तर पटकन दिसतो, काळ्यावर तो लपतो.

मग पोकळ्या. वेल्डिंगच्या आचेने सिलच्या आतला रंग जळालेला असतो आणि तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून कॅव्हिटी वॅक्स, पोकळ्यांत फवारायचं मेण. सगळं वेल्डिंग आणि रंगकाम पुरतं वाळल्यावरच, कारण वॅक्स पेट घेतं आणि त्यावर रंगही चिकटत नाही. चारही बाजूंना उडवणारी लांब नळी रबरी बुचाच्या भोकातून टोकापर्यंत सारा आणि फवारत सावकाश मागे ओढा. डबा आधी कोमट पाण्यात ठेवला तर वॅक्स पातळ होऊन फटींत शिरतं. निचऱ्याच्या भोकांतून गळायला लागलं की पुरे. दुसऱ्या दिवशी ती भोकं काडीने मोकळी करा. सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क आणि सीट बेल्टची गुंडाळी झाकून ठेवा.

खोलताना-जोडताना त्रास देतात ते मागच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे लांब बोल्ट. ते बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीच्या, आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. पाना फिरवला की बोल्ट सुटत नाही, नुसतं रबर पिळवटतं. भेदक तेल आणि एक-दोन दिवसांची सबुरी, नाहीतर सरळ कापून नवीन बोल्ट-बुश. चाकांची दिशा जुळवणाऱ्या, म्हणजे अलाइनमेंटच्या, कॅम बोल्टच्या जागा उघडण्याआधी खुणा करून ठेवा. रबरी बुशचे बोल्ट गाडी वर असताना फक्त हाताने लावा आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ब्रेकची हवा काढताना ऑइल नव्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. रस्त्यावर काढण्याआधी उभ्या गाडीत पेडल दाबून धरा, दुसऱ्याला खाली सगळे सांधे बघायला सांगा, आणि खुणांच्या भरवशावर न राहता चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.