ठासणीची बंदूक आणि हरणाचा सीझन: या चुका टाळा (मी जवळजवळ सगळ्या करून बसलोय)

२६ डिसेंबरला सकाळी पेनसिल्व्हेनियात बाकी लोक ख्रिसमसचं उरलेलं खाऊन झोपलेले असतात आणि आम्ही थोडे वेडे लोक चकमकीची ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू-गोळा ठासून भरायची) घेऊन जंगलात कुडकुडत उभे असतो. हा इथला फ्लिंटलॉक सीझन, १९७४ पासूनचा. घोड्यात खरी गारगोटीच पाहिजे आणि ती फ्रिझनवर, म्हणजे समोरच्या लोखंडी पट्टीवर, आपटून ठिणगी पडली पाहिजे, दुर्बीण वगैरे लावायची नाही. कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, किमान ४४ (०.४४ इंच). बाकीचे नियम दरवर्षीच्या डायजेस्टमध्ये (शिकारीच्या नियमांची पुस्तिका) असतात ते स्वतः वाचा, माझ्यावर विसंबू नका.

गावाकडच्यांना ठासणीची बंदूक म्हटलं की वेगळं समजवावं लागत नाही. माझ्या आजोळी, कणकवलीच्या बाजूला, आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी लायसन्सची एक होती, वानरं आणि डुकरं पिटाळायला नुसता दारूचा बार काढायचे. (तिकडे शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, त्यामुळे हे वाचून सुट्टीत तिकडे काही उद्योग करायला जाऊ नका.)

तीन वर्षांपूर्वी काय झालं ते आधी सांगतो. सीझनचा पहिला दिवस, गारगोटी बोथट झाली म्हणून झाडाला टेकून बदलायला घेतली, ग्लोव्ह काढला नाही, आणि गारगोटी धरणाऱ्या वरच्या जबड्याचा स्क्रू हातातून सटकला तो थेट बर्फात. अर्धा तास गुडघ्यावर बसून शोधला, नाही सापडला. घरी स्पेअर होता की, डब्यात! पण त्या डब्यात असे सहा स्क्रू, दोन बंदुकांचे आणि एका विकून टाकलेल्या बंदुकीचे, कुठला कुणाचा काय माहीत. दिसायला जवळ होता तो फिरवला, दोन आटे गेला आणि अडकला, मी अजून जोर लावला आणि आटे खाल्ले. सीझन तिथेच संपला.

म्हणून पहिली चूक हीच, सगळे पार्ट एका डब्यात टाकणं. आपल्याला वाटतं पार्ट हरवतात, पण हरवत नाहीत हो, ते असतात घरातच, फक्त कुठला कशाचा ते आपण विसरलेलो असतो. टोपीवाली म्हणजे पर्कशनची बंदूक असेल तर अजून मजा, कारण तिच्या निपलचे (ज्या छोट्या नळकांडीवर टोपी बसते ती) आटे काहींना पाव इंच जाडीचे, इंचाला २८ असे असतात तर काहींना मेट्रिक ६ मिलीमीटरचे, आणि त्या मेट्रिकमध्येही आट्यांच्या अंतराचे प्रकार. शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक दिसत नाही आणि चुकीचं निपल थोडं आत जातंसुद्धा. गजाच्या (ठासायच्या काठीच्या) टोकाला लावायचा जॅग, ब्रश, वर्म या नळी साफ करायच्या टोकांचंही तेच, काही ८-३२ मापाच्या आट्यांचे आणि काही १०-३२ चे. आठचा जॅग दहाच्या गजात लुळा बसतो आणि नळीत चिंधी अडकल्यावर तो आतच राहतो, मग काढत बसा.

माझा उपाय म्हणजे मिसळणाचा डबा. आईने दिलेला स्टीलचा, सात वाट्यांचा, झाकण घट्ट बसतं. बायको आधी ओरडली, मग तिने तिच्यासाठी नवा घेतला. एका वाटीत गारगोट्या आणि त्यांचे चामड्याचे तुकडे, एकीत लॉकचे (बार उडवणाऱ्या यंत्रणेचे) आणि जबड्याचे स्क्रू, एकीत टचहोलचे (नळीच्या बाजूचं भोक, ज्यातून आग आत जाते) लायनर, एकीत जॅग-वर्म, असं. प्रत्येक वाटीत मास्किंग टेपच्या तुकड्यावर बंदुकीचं नाव आणि आट्याचं माप. गारगोटीची रुंदीसुद्धा लिहून ठेवा, पाऊण इंचीवाल्या लॉकमध्ये सात-अष्टमांश इंचवाली घातली की ती नळीला घासते नाहीतर फ्रिझनच्या बाहेर जाते. आणि डब्यात दारू, टोप्या, प्रायमर अजिबात ठेवायचं नाही, ते मूळ डब्यात, कुलपात, मुलांच्या हाताबाहेर. लॉक उघडताना खाली पांढरा टॉवेल अंथरा आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. रात्री अकरा वाजता स्प्रिंग हातात धरून बसल्यावर तो फोटोच उपयोगी पडतो.

दुसरी चूक उशिरा सुरू करणं. मी आता गणपती बसले की डबा उघडतो. काय कमी आहे ते तेव्हा कळलं तर मागवायला वेळ असतो, डिसेंबरमध्ये सगळ्यांना तीच साइज हवी असते.

मग तेल. वर्षभर नळीत तेल लावून ठेवलेलं असतं, ते बरोबरच आहे, पण सीझनला कोरड्या चिंध्यांनी पुसल्याशिवाय दारू भरली की तळाशी साचलेलं तेल दारूत मुरतं आणि बार फुसका. भरण्याआधी दोनतीन कोऱ्या चिंध्या फिरवा, टचहोलमध्ये पिसाचा दांडा किंवा पाइप क्लीनर घाला. पर्कशनवाल्यांनी रिकाम्या बंदुकीवर एकदोन टोप्या फोडा, नळी जमिनीकडे धरून, समोरचं गवत हललं म्हणजे वाट मोकळी. फ्रिझन आणि गारगोटीसुद्धा कोरडी पुसायची, बोटाचं तेलसुद्धा ठिणगी खातं.

आता गजावरची खूण, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजोबांच्या गजाला दोन ठिकाणी दोरा गुंडाळलेला होता, लहानपणी मला वाटायचं शोभेला. एक खूण रिकाम्या नळीची, दुसरी बरोबर भरलेल्या नळीची. भरून झालं की गज आत सोडायचा आणि बघायचं. भरलेल्याची खूण नळीच्या तोंडाच्या वर राहिली म्हणजे गोळा दारूवर टेकलेला नाही किंवा दोनदा भरलंय, रिकाम्याची खूण तोंडापर्यंत गेली म्हणजे आत काहीच नाही. गोळा अर्ध्यात अडकलेला असताना बार काढला तर नळी फुगू शकते, फाटूसुद्धा शकते, त्यामुळे हे हौसेचं काम नाहीये. माझ्या ५० कॅलिबरला ७० ग्रेन दारू, ०.४९० इंचाचा गोळा, ०.०१५ इंचाचा पॅच (गोळ्याभोवतीची चिंधी), त्यावर खूण केलेली आहे. तुमची तुमच्या बंदुकीच्या मॅन्युअलप्रमाणे करा आणि लोड बदललं की खूण पण बदला.

दारूच नाही भरली, गोळा तेवढा ठासला? होतं, गप्पा मारत भरलं की हमखास होतं. गज रिकाम्या नळीच्या खुणेजवळ गेला की कळेल. घाबरू नका, टचहोलमधून थोडी बारीक प्रायमिंग दारू आत झिरपवा, गोळा गजाने परत तळाशी दाबा, गज बाहेर काढा आणि सुरक्षित दिशेला उडवून टाका. नाहीतर सीओ टूचं डिस्चार्जर मिळतं, ते गॅसच्या दाबाने गोळा बाहेर ढकलतं. स्क्रूने गोळा उपसायचा प्रकार फक्त आत दारू नाही याची शंभर टक्के खात्री असली तरच.

पॅनमध्ये (टचहोलबाहेरची छोटी वाटी, ठिणगी जिच्यात पडते) भक्क झालं पण बार झाला नाही, ही फ्लिंटलॉकवाल्यांची कायमची रड. आजोबा पॅनमधल्या दारूला रंजक म्हणायचे. लोकांना वाटतं रंजक जास्त घातली की बरं, उलट असतं. टचहोल दारूने झाकलं गेलं की ती वातीसारखी जळत आत जाते आणि उशीर होतो, त्यामुळे थोडीच घाला आणि भोक मोकळं ठेवा. आणि असं झालं की नळी समोरच धरून निदान एक मिनिट थांबा, लगेच उलटी करून बघू नका, बार उशिरा होऊ शकतो. मग भोक सुईने मोकळं करा, नवीन रंजक घाला. ठिणगीच पडत नसेल तर गारगोटी फिरवून बघा, जबडा सैल आहे का बघा, आणि दमट हवेत पॅनमधली दारू ओलावा धरते म्हणून ती अधूनमधून झटकून बदला.

दमटपणावरून आठवलं, थंडीतून आलेली बंदूक थेट गरम घरात आणली की चष्म्यासारखी नळी घामेजते, आत पण. गराजमध्येच ठेवा, अर्थातच रिकामी करून.

ऑक्टोबरच्या सीझनला इनलाइन (ठासणीचीच, पण आधुनिक बंदूक) वापरणाऱ्यांना दोनच गोष्टी. ब्रीच प्लगच्या, म्हणजे नळीच्या मागच्या बुचाच्या, आट्यांना अँटीसीझ ग्रीस लावा, नाहीतर सीझननंतर तो पाना लावून पण निघत नाही. आणि दारूचं माप वजनाचं की आकारमानाचं ते नीट बघा, काही नवीन दारूंमध्ये १०० ग्रेन आकारमान म्हणजे वजनाला साधारण ७० ग्रेनच भरतात. स्मोकलेस (आधुनिक काडतुसांची) दारू कधीच नाही, म्हणजे नाहीच.

साफसफाई त्याच दिवशी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत नळीत गंज धरतो. गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण पुरतो, महागडं काही लागत नाही, मग कोरडं पुसून तेल. तीन दिवसांनी परत एक चिंधी फिरवा, तपकिरी निघाली तर पुन्हा. मी हे काम बाथरूममध्ये करतो, वास सडलेल्या अंड्याचा येतो, त्यावरून घरात जे बोलणं खायचं ते मी खातो.

डब्याची सातवी वाटी बेवारस स्क्रूंची आहे. त्यात आटे खाल्लेला तो एक अजून पडलाय, कशाचा ते आजही माहीत नाही.