मिडल रिलीव्हर होताय? मग बुलपेनमधले बॉल मोजा

कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये निवड झाली आणि कोचने सांगितलं, तुला बुलपेनमध्ये (राखीव पिचर बसतात आणि हात गरम करतात त्या जागी) ठेवतोय, की घरी फोनवर सांगताना आवाज जरा उतरतोच. अमेरिकेतल्या मराठी घरात तर जास्तच. आईबाबांच्या लेखी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, हा मॅच सुरू करणाराच. ते दोन-दोन तास गाडी चालवून मॅचला येतात आणि बघतात काय, तर आपला मुलगा कुंपणाजवळच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलाय.

मी एका छोट्या डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या) कॉलेजात हेच काम केलं, म्हणून स्पष्टच सांगतो. मिडल रिलीव्हर, म्हणजे मधल्या इनिंगमध्ये बदली येणारा पिचर, व्हायचं असं लहानपणी कुणी ठरवत नाही. बॉल टाकायचा तिसरा प्रकार हाताला बसला नाही म्हणून स्टार्टर (मॅच सुरू करणारा) होता येत नाही, किंवा क्लोजरइतका (शेवटची इनिंग संपवणाऱ्याइतका) वेग नसतो, म्हणून माणूस इथे येतो. यात कमीपणा नाही. मारियानो रिव्हेरा 1995 मध्ये न्यूयॉर्क यांकीजचा स्टार्टर म्हणून चालला नाही. 1996 मध्ये त्याने क्लोजर जॉन वेटलँडच्या आधीची सातवी-आठवी इनिंग सांभाळली, आणि 652 सेव्हचा (थोडक्या आघाडीवर मॅच जिंकून संपवण्याचा) डोंगर त्यानंतरचा. पण रिव्हेराचं नाव सांगून मी कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणार नाही. मधल्या इनिंगवाले बहुतेक जण मधल्या इनिंगमध्येच राहतात.

क्रिकेट खेळून आलेल्यांना एक गोष्ट पचायला वेळ लागतो. इथे दुसरा स्पेल नाही. एकदा मॅचमधून काढलं की संपलं. आणि तुम्हाला बोलावतात तेव्हा बेसवर आधीच कुणीतरी उभा असतो, तोही दुसऱ्याने चढवलेला. तो रनर घरी, म्हणजे होम प्लेटवर, आला तर रन चढवणाऱ्याच्या खात्यात जातो, तुमच्या नाही. ऐकायला बरं वाटतं, पण इथेच आकडे फसवतात.

2018 च्या वर्ल्ड सिरीजची (मेजर लीगच्या अंतिम लढतीची) दुसरी मॅच काढून बघा. फेनवे पार्क, पाचवी इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स 2-1 ने पुढे. डॉजर्सनी पिचर बदलला. र्‍यू ह्युन-जिनला काढून रायन मॅडसनला आणलं. त्याने स्टीव्ह पिअर्सला वॉक दिला (चार चुकीचे बॉल, की बॅटर फुकट पहिल्या बेसवर आणि सगळे रनर एकेक बेस पुढे), बरोबरी झाली. मग जे. डी. मार्टिनेझचा सिंगल, आणखी दोन रन. रेड सॉक्स 4-2 ने जिंकले. तिन्ही रन र्‍यूच्या माथी, हारही त्याचीच, आणि मॅडसनपुढे शून्य. त्या सिरीजमध्ये मॅडसनला वारशात मिळालेले सातच्या सात रनर घरी आले. तेव्हा आपला ईआरए (दर नऊ इनिंगमागे खात्यात पडलेल्या रनची सरासरी) मित्रांना दाखवत फिरू नका. किती रनर मिळाले आणि त्यातले किती अडवले, एवढं वहीत लिहा. कोचही मनात तेच मोजत असतो.

आता मुख्य खड्डा. माझं कोपर यातच गेलं, म्हणून लांबण लागली तरी सांगणार.

समजा शनिवारची मॅच आहे. चौथ्या इनिंगमध्ये स्टार्टर डगमगतो, कोच हात करतो, तुम्ही उठून वीस बॉल टाकता. स्टार्टर डबल प्लेवर (एकाच बॉलवर दोन आउट) सुटतो. बसा खाली. घाम वाळतो, खांदा गार पडतो. सहाव्यात पुन्हा हाक, पुन्हा पंधरा. या वेळी खरंच जाता, माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) सरावाचे आठ, मग मॅचमधले अठरा. स्कोअरशीटवर आकडा अठरा. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट तक्त्यात 17 ते 22 वयासाठी मॅचमधल्या 30 पिचपर्यंत (टाकलेल्या बॉलपर्यंत) विश्रांतीची गरज नाही, 31 ते 45 ला एक दिवस, 46 ते 60 ला दोन, 61 ते 80 ला तीन. अठरा म्हणजे रविवारी तुम्ही मोकळे! खरे बॉल मात्र एकसष्ट. बुलपेनमधला प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीचा नसतो, मान्य. पण हाक आल्यावर घाईघाईत टाकलेले शेवटचे सात-आठ असतातच, आणि तेही गार खांद्यावर. त्यातून दोनदा उठून एकदाही मैदानात न गेलेला दिवस तर कागदावर शून्य दिसतो. दुसऱ्या दिवशी कोच म्हणतो, तू ताजा आहेस ना? नव्या मुलाच्या तोंडून ‘हो’च निघतं.

‘हो’ म्हणू नका. ‘काल दोनदा उठलो, पस्तीस टाकले’, एवढंच म्हणा. तक्रारीचा सूर नको, नुसता आकडा. आकड्याशी कोच सहसा भांडत नाही. आणि जो भांडतो, त्याच्या हातात आपलं कोपर किती काळ ठेवायचं ते तुम्हीच ठरवा. 1974 मध्ये डॉक्टर फ्रँक जोबने पिचर टॉमी जॉनच्या कोपरावर लिगामेंट बदलायची पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून सगळ्यांना वाटतं की हे दुरुस्त होतंच. होतंही बऱ्याचदा. पण एक अख्खा मोसम आणि वर काही महिने जातात, आणि कॉलेजात मोसम असतात चारच.

घाबरवायचा हेतू नाही. बरंचसं हातात असतं. तिसऱ्या इनिंगपासून उठून चाला, रबर बँड ओढा, अंग गरम ठेवा, म्हणजे हाक आल्यावर दहा-बारा बॉलमध्ये तयार होता येतं. सराव नेहमी स्ट्रेचमधूनच (बाजूला उभं राहून, छोट्या हालचालीत टाकायची पद्धत) करा, रनर असताना वाइंडअपचा (लांबलचक हालचालीचा) उपयोग काय? पहिला बॉल स्ट्राइक पाहिजे, मग तो देखणा नसला तरी चालेल. तिसऱ्या बेसवर रनर आणि एक आउट असेल तर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) शोधा. पहिल्या बेसवर असेल तर खाली टाका, ग्राउंड बॉल (जमिनीवरून जाणारा फटका) मागा, डबल प्ले मिळू शकतो.

सहा आठवड्यांत वेग वाढवून देणारे जड बॉलवाले कोर्स मला आवडत नाहीत. काहींना फायदा होतो म्हणतात, होत असेल. मोसमाच्या मध्यात तर त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. मला रडार गनवाल्या कोचपेक्षा जास्त शिकवलं ते बुलपेन कॅचरने. तो मॅच खेळत नाही, त्याचं नाव कुठे येत नाही, पण तुमचा स्लायडर (बाजूला वळणारा बॉल) कोणत्या दिवशी वळत नाही हे त्याच्या ग्लव्हला आधी कळतं. त्याला रोज विचारा. शिवाय बॉलही तोच मोजू शकतो. मॅच सुरू व्हायच्या आधीच त्याला सांगून ठेवा, हाक आल्यावर तुम्हाला मोजायचं भान राहणार नाही.