या चुका टाळा : सर्व्हरच्या मिररिंगला कार्ड घ्यावं की सॉफ्टवेअरवर भागवावं?

चवथीची सुट्टी संपली आणि फोंड्यातल्या एका औषधांच्या घाऊक दुकानातून फोन आला, सर्व्हर उठत नाही. गेलो तर आतल्या खोलीत बारीक, चिडका टूं-टूं आवाज चालू. कधीपासून वाजतंय विचारलं, तर बिलिंगच्या ताई म्हणाल्या, "ते होय? यूपीएस तो. पाऊस लागल्यापासून वाजतोच की." यूपीएस गप्प होता. वाजत होतं रेड कार्ड, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर ठेवणारं (मिररिंग करणारं) सर्व्हरमधलं कार्ड. लॉग उघडला, दोनांतली एक डिस्क जुलैतच गेलेली. कार्ड तेव्हापासून बोंबलत होतं, आणि सुट्टीत दुसरीनेही मान टाकली.

कार्ड बसवलं की काळजी मिटली, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. कार्ड दोन डिस्क मिळून ऑपरेटिंग सिस्टिमला एकच डिस्क दाखवतं, त्यामुळे आत एक मेली तरी वर सगळं हिरवंगार दिसतं. कंपनीचं युटिलिटी सॉफ्टवेअर टाकून ईमेल अलर्ट चालू केला नाही, तर तुमच्या भरवशाला फक्त तो भोंगा उरतो. लिनक्सच्या एमडीएडीएमलाही (कार्डाशिवाय, सॉफ्टवेअरनेच मिररिंग करणाऱ्या साधनालाही) ईमेलचा पत्ता द्यावा लागतोच, पण तिथे निदान मिररची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाइल उघडली की कळतं. दोन यू दिसले तर ठीक, एका यूच्या जागी अंडरस्कोअर दिसला तर डिस्क आणायला निघा.

आता मूळ प्रश्न. दोनच डिस्कचा मिरर असेल, तर माझं मत सॉफ्टवेअरच्या बाजूने आहे. मिररिंगमध्ये पॅरिटीचं (हरवलेला डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेल्या जादा आकड्यांचं) गणित नसतं, तोच डेटा दोनदा लिहायचा, त्यामुळे प्रोसेसरला त्याचा भार जवळजवळ जाणवत नाही. (1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड मांडलं, तेव्हा RAID मधला आय 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे 'स्वस्त' या अर्थाचा होता. दोन डिस्कपेक्षा महाग कार्ड घेताना हे आठवून मला हसू येतं.) आणि कार्ड मेलं तर? डिस्क पणजी-मडगावात मिळून जाते. पण चार वर्षांपूर्वीचं तेच किंवा त्याच घराण्यातलं कार्ड शोधायला मुंबई-बंगळूरला फोन लावत बसावं लागतं, कारण डिस्कवरची मांडणी त्या कंपनीच्या पद्धतीने लिहिलेली असते. एमडीएडीएमची डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावा, वाचता येते.

नवं कार्ड मिळालंच, तर पुढची चूक स्क्रीनवर वाट बघत असते. जुन्या डिस्क लावल्या की 'फॉरेन कॉन्फिगरेशन' (दुसऱ्या कार्डाने लिहिलेली मांडणी) सापडल्याचा संदेश येतो. तिथे इम्पोर्ट करायचं असतं. घाईत क्लिअर दाबलं की डिस्कवरची मिररची नोंदच जाते.

कार्डाची खरी कमाई त्याच्या कॅश मेमरीत आणि तिला जपणाऱ्या बॅटरीत आहे. मे-जूनमध्ये आपल्याकडे एक फांदी पडली तरी वीज जाते. त्या क्षणी कॅशमध्ये असलेली, डिस्कवर अजून न उतरलेली बिलं बॅटरीच धरून ठेवते. बॅटरी थकली की बहुतेक कार्डं आपणहून राइट-थ्रूवर (प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहिण्यावर) येतात आणि "सर्व्हर अचानक स्लो झाला" अशी तक्रार सुरू होते. मग कोणीतरी हुशार माणूस सेटिंगमध्ये जाऊन राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मागाहून डिस्कवर) जबरदस्तीने चालू करतो. वेग परत येतो, पण संरक्षण गेलेलं असतं. बॅटरी बदला, किंवा घेतानाच फ्लॅश आणि सुपरकपॅसिटरवालं (वीज गेली की कॅशमधला डेटा फ्लॅशवर उतरवून ठेवणारं) कार्ड घ्या.

मदरबोर्डच्या बायोसमधलं रेड हे हार्डवेअर नव्हे. काम ड्रायव्हरच करतो, म्हणजे सॉफ्टवेअरच, आणि वर बोर्डाशी बांधिलकी. दोन्हींकडचे तोटे तेवढे पदरात पडतात. ईएसएक्सआयला (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सिस्टिमला) तर ते बहुधा मिरर म्हणून दिसतच नाही, आणि त्याच्यात लोकल डिस्कसाठी स्वतःचं मिररिंगही नाही. तिथे मात्र मी मुकाट कार्ड सुचवतो.

सॉफ्टवेअर घेणारे एका जागी हमखास फसतात, ती म्हणजे बूट. डेटा दोन्ही डिस्कवर, पण ग्रब (सिस्टिम उठवणारा प्रोग्रॅम) एकीवरच. यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असेल तर ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्सचा डिस्कवरचा भाग) बहुधा मिररबाहेर राहतं, त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर स्वतः ठेवावी लागते. पहिली डिस्क गेली की डेटा शाबूत, पण सर्व्हर उठत नाही. म्हणून मशीन ताब्यात देण्यापूर्वी मी बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढतो आणि चालू करतो. मग तसंच दुसरीचं.

केबलवरून आठवलं. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात, त्यांच्या भरवशावर डिस्क उपसू नका. चांगली डिस्क ओढून मेलेली आत ठेवणारे मी पाहिले आहेत. सिरियल नंबर कागदावर लिहून डिस्कच्या दर्शनी बाजूला चिकटवा. पावसाळी दमटपणात गोंद सुटतो, वरून पारदर्शक टेप मारा.

डिस्क डेस्कटॉपची नको. खराब सेक्टरवर ती मिनिटभरसुद्धा झगडत बसते, आणि कार्ड काही सेकंदांत वैतागून तिला मेलेली ठरवतं. नॅसच्या (नेटवर्कवरच्या सामाईक साठवणीसाठीच्या) डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानतात. राहिला रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उतरवणं: 4 टीबीची डिस्क सेकंदाला 150 एमबीने भरायला साडेसात तास लागतात, आणि तेवढा वेळ सगळा डेटा एकाच डिस्कवर असतो. म्हणून आधी बॅकअप, मग रीबिल्ड. फोंड्यात ताई रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर बॅकअप घेऊन घरी नेत, म्हणून दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं.

आता तिथे साधा एमडीएडीएमचा मिरर आहे आणि अलर्ट त्यांच्या फोनवर जातो. परवा वादळात वीज गेली तेव्हा त्यांचाच फोन आला, "वाजतंय हं, पण यूपीएसच आहे. कान लावून बघून आले."