मोटर न्यूरॉन आजारात कोणते काम कधी करावे

मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून निकामी होऊ लागल्या की हात, पाय, जीभ, घसा आणि पुढे श्वासाचे स्नायूही दुबळे होत जातात. हाच मोटर न्यूरॉन आजार असून त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार एएलएस या नावाने ओळखला जातो. लक्षणे सुरू झाल्यापासून बहुतेक रुग्णांना दोन ते पाच वर्षे मिळतात, तर सुमारे १० टक्के रुग्ण १० वर्षांहून अधिक जगतात. भेटायला येणारा पाहुणा हमखास स्टीफन हॉकिंग यांचे नाव काढतो. १९६३ साली निदान होऊनही ते २०१८ पर्यंत जगले हे खरे असले, तरी अपवादाच्या भरवशावर घराचे नियोजन करता येत नाही. या आजारात घराची सर्वांत मोठी फरफट होते ती कामे उशिरा हाती घेतल्यामुळे, म्हणून पुढे जे सांगितले आहे त्यात ‘काय’ इतकेच ‘केव्हा’ महत्त्वाचे आहे.

पहिले काम म्हणजे निदान पक्के करणे. पाऊल लटके पडणे किंवा हाताची पकड जाणे ही लक्षणे मणक्याच्या दुखण्यासारखी भासत असल्यामुळे मणक्याच्या शस्त्रक्रियेस होकार देण्यापूर्वी न्यूरॉलॉजिस्टकडून ईएमजी, म्हणजे स्नायू आणि चेतांची विद्युत तपासणी, करून घ्यावी. सांगली-सातारा भागात ही सोय जवळच आहे: १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन रुग्णालय उभारल्यापासून मिरज ही दवाखान्यांचीच नगरी झाली आहे आणि साताऱ्याकडच्या लोकांना कराड जवळ पडते. दुसरे मत हवे असल्यास बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि चेतासंस्थेच्या आजारांच्या सरकारी रुग्णालयात जावे. मिरजेहून थेट रेल्वे आहे. मात्र दुसऱ्या मतानंतर फिरणे थांबवावे. रिलुझोल हे औषध ५० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, उपाशीपोटी, यकृताच्या रक्ततपासण्या करत घ्यायचे असते. त्याने आजार बरा होत नाही, काही महिन्यांचा अवधी मिळतो. स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) नावाने लाखो रुपये मागणाऱ्यांना दारात उभे करू नये, कारण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या आजारात असा उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर देता येत नाही आणि चाचणीतील रुग्णाकडून त्याचे पैसेही घेता येत नाहीत. यासाठी शेत विकणे म्हणजे मागे राहणाऱ्यांच्या ताटातले काढून घेणे होय.

गिळण्याचा त्रास प्रथम पातळ पदार्थांना होतो, ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते. पाणी, चहा, ताक यांनी ठसका लागतो, तर घट्ट दही, दाट आंबील, नाचणीचे सत्त्व, मुगाची मऊ खिचडी सुखाने जाते. भडंग, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि भाकरीचा पापुद्रा हे घशात कण सोडणारे पदार्थ लवकर बंद करावेत. दुधात कुस्करलेली भाकरीही धोक्याचीच, कारण तिच्यात घट्ट आणि पातळ असे दोन्ही एकाच घासात येते. ती मिक्सरमधून एकजीव करून द्यावी. रुग्णाला ताठ बसवून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून, एक घास पूर्ण गिळल्यावरच दुसरा द्यावा आणि त्या वेळी त्याला बोलते करू नये. जेवणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू लागला किंवा वजन सतत उतरू लागले, की पोटातून बसवण्याच्या नळीविषयी, म्हणजे पेगविषयी, डॉक्टरांशी बोलावे. श्वासाची क्षमता निम्म्यापेक्षा खाली येण्यापूर्वी ही नळी बसवणे अधिक सुरक्षित असते. नळी बसली म्हणजे तोंडाची चव संपली असे नव्हे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यास आवडीचा एखादा घास पुढेही देता येतो.

श्वास कमी पडत असल्याची खूण धाप लागण्याच्या आधी झोपेत दिसते. सकाळी डोके दुखणे, उताणे झोपवत नसणे, रात्री वारंवार जाग येणे, दिवसा पेंगणे यांपैकी काहीही आढळले तर फुप्फुसांची तपासणी करून मास्कमधून श्वासाला जोर देणाऱ्या बायपॅप यंत्राचा निर्णय घ्यावा. कोविडपासून गावोगावी ऑक्सिजनची यंत्रे पडून आहेत आणि शेजारी ती प्रेमाने आणूनही देतात. पण या आजारात अडचण हवा आत-बाहेर करण्याची असते, त्यामुळे नुसता ऑक्सिजन दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो लावू नये.

यंत्र आले की विजेचा विचार करावा. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरी गावांत पावसाळ्यात वीज दीर्घकाळ जाते, म्हणून बायपॅपसाठी स्वतंत्र इन्व्हर्टर ठेवावा आणि तो किती तास चालतो हे प्रत्यक्ष चालवून पाहावे. सांगलीत कृष्णाकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ चा महापूर लक्षात ठेवून उंचावरील नातेवाइकाचे घर मे महिन्यातच ठरवून ठेवावे. कोयना धरणाचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की पाणी गल्लीत शिरण्याची वाट न पाहता रुग्णाला हलवावे, कारण यंत्रावरच्या माणसाला होडीतून नेणे फार अवघड असते.

बोलण्याचा तक्ता आवाज शाबूत असतानाच शिकून घ्यावा. पुठ्ठ्यावर पहिल्या ओळीत क-वर्ग, दुसरीत च-वर्ग असे करत पाचवीत प-वर्ग लिहावा; त्याखाली य र ल व, मग श ष स ह ळ, आणि शेवटच्या ओळीत अ, काना, वेलांट्या, उकार, मात्रा. सोबतचा माणूस ओळीचा आकडा म्हणतो, हवी ती ओळ आली की रुग्ण डोळे मिटतो, मग त्या ओळीतील अक्षरे क्रमाने म्हणायची. ‘पाणी’ म्हणजे पाचव्या ओळीतले पहिले अक्षर आणि काना, मग तिसऱ्या ओळीतले पाचवे, दुसरी वेलांटी. जोडाक्षरांच्या भानगडीत पडू नये, ‘डाकटर’ लिहिले तरी घरच्यांना कळते. बाजूला ‘कूस बदला’, ‘लाळ पुसा’, ‘खाज’, ‘मास्क नीट करा’ असे नेहमीचे शब्द लिहावेत. डोळ्यांचे स्नायू बहुधा अखेरपर्यंत साथ देतात, त्यामुळे हा तक्ता शेवटपर्यंत उपयोगी पडतो.

स्पर्श शाबूत राहतो हे घरच्यांनी विसरू नये. गालावर बसलेला डास रुग्णाला जाणवतो, पण हात उचलून तो हाकलता येत नाही; मच्छरदाणी म्हणूनच चैनीची वस्तू ठरत नाही. उचलताना दंडाला धरून ओढल्यास खांदा निसटू शकतो, पाठीला आणि कमरेला आधार द्यावा. कारण नसताना अनावर हसू किंवा रडू येणे हाही आजाराचाच भाग असून त्यावर औषध मिळते. काहींच्या स्वभावात आणि विचारशक्तीतही बदल होतो, त्याला हट्ट समजून भांडू नये.

आपल्याकडे हा सगळा भार मुकाट्याने बायकोवर किंवा सुनेवर पडतो. रात्री कूस बदलण्यासाठी कोण उठणार याच्या पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात आणि त्यात भाऊ, दीर, मुलगे यांची नावे असावीत. पाळीत नाव नसलेल्या नातेवाइकाने उपचारांबाबत सल्ले देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सही करता येत असताना कागदपत्रे उरकावीत. उसाचे बिल ज्या खात्यावर येते ते खाते संयुक्त करावे, कारखान्याच्या शेअरला वारस नेमावा, सोसायटीचे कर्ज किती आहे ते घरात सांगावे. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करावे. सही जमत नसल्यास अंगठा चालतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचे सरकारी ओळखपत्र) रुग्णाला गाडीतून नेता येते तोवरच काढावे.

शेवटचा कागद सर्वांत अवघड आहे. श्वास पूर्ण थांबू लागल्यावर गळ्यातून नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे रुग्णाने स्वतः, शांतपणे ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा पूर्व-इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. मात्र त्याची अंमलबजावणी रुग्णालयातील वैद्यकीय मंडळांच्या संमतीने होते, त्यामुळे ऐन वेळी कागद दाखवला की काम झाले, असे समजू नये. प्रत फॅमिली डॉक्टरांना आणि नेहमीच्या रुग्णालयाला आधीच द्यावी, रात्री-अपरात्री १०८ ची गाडी कोणी बोलवायची आणि कोणत्या स्थितीत बोलवायची नाही हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे, आणि एक प्रत बायपॅपच्या पिशवीतच ठेवावी.