क्लीन टोनसाठी जुने ट्यूब हेड घेताना

हेड म्हणजे गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा (अ‍ॅम्पचा) स्पीकर नसलेला डबा; स्पीकरचे कॅबिनेट त्याला वेगळे जोडायचे. फाटका (डिस्टॉर्टेड) आवाज हवा असेल तर जुने हेड घेताना फारसे चुकत नाही. दमलेले हेडसुद्धा गोड फाटते. क्लीन आवाजात मात्र काहीच लपत नाही, आणि तरीही लोक सल्ला देतात तो ट्यूबचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा: अमुक कंपनीच्या ट्यूब घाल, टोन उघडेल. ट्यूब ही झिजणारी वस्तू आहे, ती कधीही बदलता येते. हेड निवडायचे ते ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय पाहून.

किती जोरात वाजवणार?

घरात वाजवणार असाल तर 40 वॅटही जास्त होतात. ड्रमरसोबत क्लीन राहायचे असेल तर 40 ही सुरुवात समजा. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे 50 वरून 100 वर गेल्याने कान दिपत नाहीत. तेवढेच 3 डेसिबल 97 ऐवजी 100 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर लावून मिळतात, आणि तेही स्वस्तात. आधी स्पीकर ठरवा, मग हेड.

कोणते हेड?

माझे मत स्पष्ट आहे: पहिले हेड फेंडरचेच घ्या. 6L6 ट्यूबच्या जोडीवर चालणारा, साधारण 40 वॅटचा बँडमास्टर बहुतेकांना पुरतो. त्याहून मोकळा आवाज हवा तर चार 6L6 असलेला, 85 वॅटचा ड्युअल शोमन. शोमन मालिका घडली ती सर्फ गिटारवादक डिक डेलच्या जोरकस वादनामुळे. तो स्पीकर जाळत गेला आणि कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर अ‍ॅम्प मोठे करत गेले. मिड (मधल्या पट्टीचे सूर) जास्त आणि कणखर हवे असतील तर इंग्लंडचा हायवॉट डीआर103 बघा: चार EL34 ट्यूब, पार्ट्रिज कंपनीचे ट्रान्सफॉर्मर, आत तारा अगदी शिस्तीत बांधलेल्या. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरचा मोठा, न फाटणारा आवाज या हेडमधून येतो. पण हायवॉट महाग आहे आणि जड आहे.

1967च्या आसपास फेंडर हेडची पुढची काळी पट्टी गेली आणि चंदेरी आली. ‘काळीच घे, चंदेरी म्हणजे कचरा’ हे ऐकून पैसे उधळू नका. क्लीन आवाजासाठी चंदेरी काळात उत्तम हेड बनली आणि आजही ती कमी किमतीत मिळतात. ‘सर्किट जुन्यासारखे करून दिले आहे’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा.

खरी परीक्षा

माझे पहिले हेड चंदेरी बँडमास्टर रिव्हर्ब. दुकानात व्हॉल्यूम 3 वर वाजवले, घंटेसारखे स्वच्छ. ‘नुकतीच सर्व्हिसिंग झाली आहे’ असे विकणाऱ्याने सांगितले आणि मी पैसे मोजले. तीन आठवड्यांनी आमच्या न्यू जर्सीच्या मंडळाचा गणेशोत्सव होता. भावगीताच्या मागे मी सुट्या सुरांची साथ करत होतो, व्हॉल्यूम 6 वर. वरच्या सुरांखाली कुठून तरी एक परका, बेसूर सूर यायला लागला. हार्मोनियमवाल्या काकांनी माझ्याकडे बघून कानाला हात लावला. मी गिटार पुन्हा जुळवली. सूर तसाच.

पुढचे चार महिने मी लोकांचे ऐकत राहिलो. आधी पॉवर ट्यूब बदलल्या, मग प्रीअ‍ॅम्पच्या, मग केबल, मग पिकअप. शेवटी एका म्हाताऱ्या तंत्रज्ञाने हेड उलटे करून चॅसीवरचे चपटे पत्र्याचे झाकण काढले. आत फिल्टर कपॅसिटर ओळीने झोपलेले होते. आपल्याकडे रिपेअरवाले त्यांना कंडेन्सर म्हणतात. दोघांचे टोक फुगले होते आणि एकाच्या बुडाशी वाळलेल्या डिंकासारखा तपकिरी थेंब होता. ‘सर्व्हिसिंग’ म्हणजे फक्त ट्यूब बदलल्या होत्या.

कारण सोपे आहे. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे रेक्टिफायरनंतर (तो एसी विजेची डीसी करतो) उरणारी थरथर 120 हर्ट्झची असते. ती पुसून टाकणे हे फिल्टर कपॅसिटरचे काम. ते वाळले की तुम्ही जोरात वाजवताच ही थरथर तुमच्या सुरात मिसळते. पहिल्या तारेचा बारावा पडदा 659 हर्ट्झचा. त्यातून 120 गेले की 539 उरतात, म्हणजे सी आणि सी शार्पच्या बरोबर मधोमध. असा सूर कुठल्याही गाण्यात बसत नाही. आणि व्हॉल्यूम 3 वर तो ऐकूच येत नाही, म्हणून दुकानात कोणी पकडत नाही.

म्हणून माझा नियम: स्वतःची गिटार घेऊन जा, हेड दहा मिनिटे गरम होऊ द्या, व्हॉल्यूम 6 ते 7 करा. कॅबिनेटला पाठ करून पहिल्या तारेचा बारावा पडदा वाजवा आणि सूर मरेपर्यंत ऐका. मग तिथून एकेक पडदा वर जा. खाली दुसरा सूर लुडबुडला की कपॅसिटर संपले.

नंतर सहावी तार मोकळी, जोरात वाजवा. आवाज आधी बसून मग फुगतो का? 5U4 रेक्टिफायर ट्यूब असलेल्या बँडमास्टर रिव्हर्बमध्ये थोडे बसणे स्वाभाविक आहे. डायोडवर चालणाऱ्या साध्या बँडमास्टरमध्ये किंवा ड्युअल शोमनमध्ये तसे झाले तर पॉवर सप्लाय किंवा पॉवर ट्यूब थकल्या आहेत. सगळे व्हॉल्यूम शून्यावर असूनही घूं असा जाडसर आवाज येत असेल तर तोही बहुतेकदा कपॅसिटरचाच.

‘जोरात वाजवू नका, शेजारी तक्रार करतात’ असे विकणारा म्हणाला तर घेऊ नका. मी असे दोन सौदे सोडले आहेत आणि एकाचाही पश्चात्ताप नाही.

कपॅसिटर वाळले म्हणून चांगले हेड सोडू नका. पूर्ण संच बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. स्वतः मात्र उघडू नका. आत चारशेहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथे थांबतात.

बाकीचे भराभर

पॉट (बटणांमागचे फिरते भाग) खरखरत असतील तर स्प्रेने बरे होतात. पेन्सिलने ट्यूबवर हलकी टिचकी मारा, स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर ती ट्यूब बदला. अंधारात पॉवर ट्यूबची आतली प्लेट लाल होत असेल तर लगेच बंद करा. ट्रान्सफॉर्मरवर 606 ने सुरू होणारा आकडा शोधा. 606 ही शूमाकर कंपनीची खूण, त्यापुढे वर्ष आणि आठवडा. हेडच्या वयाशी तो जुळत नसेल तर ट्रान्सफॉर्मर कधीतरी जळून बदललेला आहे, तसा भाव करा. दोन पिनची जुनी वायर असेल तर तीन पिनची लावून घ्या आणि ग्राउंड स्विचचा कपॅसिटर काढायला सांगा. तो बिघडला तर माइकला ओठ लागताच झटका बसतो. स्पीकर जोडल्याशिवाय हेड कधीही चालू करू नका. बँडमास्टर आणि ड्युअल शोमन, दोघांनाही 4 ओहमचे कॅबिनेट लागते, म्हणजे 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर.

भारतात नेणार असाल तर

ब्रिटिश हेडला मागे बहुतेकदा व्होल्टेज निवडायची सोय असते. अमेरिकन बाजारासाठी बनलेल्या हेडला ती नसते, त्याला 230 वरून खाली आणणारा खराखुरा, तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रवासात नेतात तो छोटा कन्व्हर्टर चालणार नाही. मागच्या पट्टीवर जितके वॅट लिहिले असतील त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, आणि अर्थिंग त्यातून पुढे हेडपर्यंत जाते आहे हे इलेक्ट्रिशियनकडून मीटरने तपासून घ्या. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे हेडचा स्वतःचा पॉवर ट्रान्सफॉर्मर अमेरिकेपेक्षा जास्त तापतो. पहिल्याच दिवशी तासभर वाजवून झाल्यावर हेड बंद करा आणि ट्यूबपासून हात लांब ठेवून त्याच्या झाकणावर दोन बोटे टेकवा. पाच सेकंदही टेकवता आली नाहीत तर कार्यक्रमाला नेण्याआधी तंत्रज्ञाला दाखवा.