स्कूटरवर जादा पेट्रोल नेताना
पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून ती सीटखालच्या डिकीत टाकणं सोयीचं वाटतं, पण नेमकी तीच जागा वाईट. खाली इंजिनाची धग, आत कोंडलेली वाफ. आणि पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं. टाकी वेळेवर भरली तर हा खटाटोपच नको, पण न्यायचंच असेल तर इंधनासाठीच बनवलेला, घट्ट झाकणाचा छोटा कॅन घ्या. भरताना तो जमिनीवर टेकवा, म्हणजे स्थिर विजेच्या ठिणगीचा धोका कमी होतो. काठोकाठ भरू नका. उन्हात पेट्रोल फुगतं. मागच्या कॅरिअरवर उभाच ठेवून पट्ट्यांनी आवळा. पायांपाशी हुकाला लटकवू नका. टाकीत ओतायचं ते इंजिन बंद करून, गार झाल्यावर.