घरातलं वयस्कर माणूस घसरून पडलं तर

बाथरूममधून धपकन आवाज येतो, सगळे धावतात आणि दोघं जण बगलेत हात घालून आजीला ओढून उभं करतात. चूक इथेच होते. खुब्यापाशी हाड नुसतं तडकलेलं असेल, तर या ओढाताणीत ते जागचं सरकतं आणि साधं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. पडलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटं जमिनीवर राहू द्या. तेवढ्यानं काही बिघडत नाही.

आत जाताना दार जोरात ढकलू नका, माणूस दारालाच टेकून पडलेलं असू शकतं. बादलीत पाणी तापवायची कॉइल लावलेली असेल तर आधी मेन स्विच बंद, मगच हात लावायचा. ओल्या फरशीवर कोरडा टॉवेल किंवा पोतं टाका, नाहीतर उचलणाराही पडतो.

मग बोला. "कुठं दुखतंय? डोकं आपटलं का?" उत्तर नीट येतंय का, जीभ जड वाटते का, तोंड एका बाजूला ओढलंय का, दोन्ही हात वर उचलता येतात का, ते बघा. कधी कधी पडल्यामुळे पक्षाघाताचा झटका आलेला नसतो, झटका आल्यामुळे माणूस पडलेलं असतं. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरवर साखर बघा. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस पूर्ण शुद्धीत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. एरवी खायला-प्यायला काही देऊ नका; ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं. हाकेला ओ देत नसेल, मान किंवा पाठ खूप दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर हलवू नका. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे.

आता पाय. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहा. दुखरा पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय, तर खुबा मोडलाय असंच धरून चाला. पाय सरळ करायला जाऊ नका. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवा आणि ओढणीनं गुडघ्यांपाशी व घोट्यांपाशी दोन्ही पाय हलकेच एकत्र बांधा. खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवणं किंवा रिक्षात कोंबणं यापेक्षा स्ट्रेचरची वाट पाहणं कधीही चांगलं.

हात टेकून पडल्यावर मनगट मोडतं. ते सुजायच्या आत बांगड्या आणि अंगठ्या काढा, साबण लावला की निघतात. दोन तासांनी त्याच बांगड्या मांसात रुतलेल्या असतात आणि कापाव्या लागतात. मनगटाखाली घडी केलेलं जाड वर्तमानपत्र ठेवून पट्टी गुंडाळा आणि हात गळ्यात अडकवा.

यातलं काहीच नसेल, तरच उठवायचं. तेही आपण उचलून नव्हे. त्यांना कुशीवर वळू द्या, मग रांगतं होऊ द्या. समोर न सरकणारी खुर्ची ठेवा. दोन्ही हात खुर्चीवर टेकवायचे, भक्कम पायाचं पाऊल पुढे रोवायचं, जोर लावून उठायचं आणि वळून लगेच बसायचं. आपण फक्त कमरेला आधार द्यायचा.

तेल चोळणं, शेकणं, हाडवैद्याकडून "बसवून घेणं" यातलं काहीही नको. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं.

डोक्याला लागलं असेल आणि एकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर टेंगूळही आलं नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि गोळी आधी सांगा. मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाशही होतो. दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखू लागलं, चाल अडखळली, बोलण्यात गोंधळ आला, तर ते "वयामुळे" म्हणून सोडून देऊ नका.

एक्स-रे साफ आला पण पाय टेकवत नाही, जांघेत किंवा गुडघ्यात कळ येते, तेव्हा सीटी किंवा एमआरआयबद्दल विचारा. बारीक तडा एक्स-रेत सुटतो. खुब्याची दुखणी गुडघ्यात जाणवतात, हेही लक्षात असू द्या.

आणि खुबा मोडला असेल तर "या वयात ऑपरेशन नको, पडून राहतील" असं कृपा करून म्हणू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. जीव जातो तो बहुतेकदा यानं. पंच्याऐंशीव्या वर्षीही ऑपरेशन होतं. शक्यतो ४८ तासांत व्हावं आणि दुसऱ्या दिवसापासून वॉकर धरून उभं करावं. पैशांची काळजी असेल, तर सत्तर वर्षांपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं, ते चालणारं रुग्णालय शोधा.

शेवटी, का पडले ते शोधायला विसरू नका. आडवं असताना बीपी मोजा, उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० नं घसरला तर बीपीच्या, झोपेच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. कमोडशेजारी आणि नळापाशी भिंतीत पक्के ठोकलेले स्टीलचे दांडे हवेत. टॉवेलची दांडी माणसाच्या वजनानं उखडून येते. झिजलेल्या रबरी सपाता आजच फेका. बाथरूमला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवून घ्या आणि ती बसेपर्यंत दार नुसतं लोटून घ्यायला सांगा.